आईनं स्वतःची चिठ्ठी मागितली

साताऱ्याच्या घरात रविवारची सुरुवात मसाल्यानं व्हायची. आई पहाटे उठून मटण शिजायला टाकायची, कांदा-लसूण मसाल्याची फोडणी बसली की शेजारच्या तीन खोल्यांत खोकला सुरू व्हायचा, आणि हात धुऊन ती माझ्या वेण्या घालायला बसायची. हात कितीही धुतले तरी वास राहायचाच. तो केसांत आणि पदरात घेऊन आम्ही उपासनेला जायचो. कुणाला त्याचं काही वाटत नसे, कारण मिशनच्या कंपाउंडातल्या सगळ्याच घरांच्या चुलींवर त्या वेळी तेच शिजत असे. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून डोसाच्या खुणा कापायचं काम ते इतकं नेटकं करत की डॉक्टर ती बाटली नव्या नर्सेसना नमुना म्हणून दाखवायचे. माझा नीटनेटकेपणा त्यांच्याकडून आला. नातवंडांनो, तुमच्या आईला त्याचा किती जाच झाला हे तिला विचारा.

आई पाटणच्या पलीकडची, कोयनेच्या खोऱ्यातली. वाचायला ती लग्नानंतर शिकली, तेही शास्त्र, म्हणजे बायबल, वाचण्यापुरतं, ओळीखाली बोट धरून. पण गाणी तिला किती येत होती त्याची मोजदाद नव्हती. शुक्रवारी दुपारी नर्सेसच्या खोल्यांपुढच्या व्हरांड्यात जाजम पसरलं जाई आणि बायकांची सभा भरे. कुणी सांगायचं, पोराचा ताप उतरत नाही. कुणी सांगायचं, नवरा पत्र पाठवत नाही, पलटण कुठं हलली ठाऊक नाही. सांगून झालं की थोडा वेळ सगळ्या गप्प बसत, आणि मग आई, डोळे मिटून, कसलीही सूचना न देता गाणं उचलायची. कुठलं गाणं, किती उंच, किती सावकाश, हे तिलाही आधी ठाऊक नसे. तिचं एक गाणं होतं, शोमरोनातल्या विहिरीचं, जिथं येशू वाटेत दमून बसला होता. 'दमला माझा देव, बाई, इहिरीवर बसला.' त्यातला 'दमला' ती अशी लांबवायची की ऐकणाऱ्याच्या पायात गोळे यावेत. कधी तो शब्द दोन श्वास चालायचा, कधी तीन. बाकीच्या बायका टाळी धरून थांबायच्या, आणि तिनं मान खाली केली की एकदम तिच्यात मिसळायच्या. कुणी चुकत नसे. मी तेव्हा तिच्या गुडघ्याला टेकून बसलेली असायची, आणि मला वाटायचं की सगळ्या जगात देवाची उपासना अशीच होते.

रिया, तू मागच्या महिन्यात फोनवर म्हणालीस की तिकडे नव्या गावी गेल्यापासून तू तीन चर्चेस बघितलीस, एकात ड्रम फार, एकात माणसं फार गोड बोलतात आणि नाव विसरतात, आणि तिसऱ्यात तुला झोप येते. "आजी, तुला तुझं कसं सापडलं?" असं तू विचारलंस, आणि मी विषय बदलला. विषय बदलला कारण खरं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. ते इथे क्रमानं लिहिते.

बाबांना सांगलीला चांगली जागा मिळाली आणि आम्ही निघालो. आपल्यात गाव बदललं की जुन्या मंडळीचे, म्हणजे जुन्या चर्चचे, पाळक नव्या मंडळीला पत्र देतात, की अमुक सभासद आमच्याकडे चांगल्या स्थितीत होते, त्यांना सामावून घ्यावं. आमचंही पत्र आलं, बाबांच्या नावानं, 'कुटुंबासह'. तिसऱ्या रविवारी ते वाचून दाखवलं, आम्ही उभे राहिलो, लोकांनी माना वळवून बघितलं आणि आम्ही बसलो. झालो सभासद. मला तेव्हा वाटलं, एवढंच असतं.

सांगलीचं चर्च दगडी होतं. बाकं, उंच खिडक्या, व्यासपीठाशेजारी पायपेटी आणि भिंतीवर गीतांच्या क्रमांकांची लाकडी पाटी. पाळकसाहेब गाण्याचं नाव घेत नसत, फक्त क्रमांक सांगत. पायपेटी एक ओळ वाजवी आणि सगळे उभे राहून चालीत गाऊ लागत. चाली सगळ्या विलायती, सरळ पायऱ्या चढून सरळ उतरणाऱ्या. आई पुस्तक उघडून बोटानं पान शोधायची. पान सापडेपर्यंत दुसरं कडवं संपलेलं असे. ओळ सापडेपर्यंत 'आमेन'. मी शेजारून पान काढून द्यायला लागले तर तिनं माझा हात बाजूला केला. घरी आल्यावर मी चिडून म्हटलं, "आई, निदान तोंड तरी हलव. सगळे बघतात."

"मी गात न्हाई," आई म्हणाली. "मी हुडकते. समद्यांचं गाऊन हुतंय तवर माझं हुडकून हुतंय."

त्यात एस्तेरबाई. चर्चचा क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा संच, त्यांच्या ताब्यात होता, शाळेत त्या मला इंग्रजी शिकवत आणि मला त्यांचं भारी कौतुक होतं. त्या एकदा बायकांना उद्देशून, हसत हसत म्हणाल्या, "बायांनो, रविवारी फोडणी उपासनेनंतर दिलीत तर चालेल. पुढच्या बाकावर बसलं की मला उपदेशाऐवजी रस्साच आठवतो." सगळ्या हसल्या. आईही हसली. पण त्या दिवसापासून आमच्या घरी रविवारी मटण दुपारी उशिरा व्हायला लागलं, आणि आई घरातही गायची बंद झाली. भाकरी थापताना नाही, दळण निवडताना नाही. घरातला एक आवाज गेला तर काय होतं हे तुम्हाला कसं सांगू? फ्रिज बंद पडला की मगच कळतं ना, तो इतका वेळ आवाज करत होता?

आणि मला, नेमक्या त्याच महिन्यात, क्वायरमध्ये घेतलं. आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात. एस्तेरबाईंनी मला 'डो रे मी'ची अक्षरं वाचायला शिकवली आणि ती मला इतकी चटकन आली की त्या म्हणाल्या, "तू जन्मजात शिस्तीची आहेस." बाबांची मान ताठ झाली. मला चार आवाज एकमेकांवर नीट रचलेले ऐकले की खरंच आनंद व्हायचा, हे मी लपवत नाही. पण मी समोर उभी राहून गाताना पाचव्या बाकावर आई मान खाली घालून बोटानं पान चाळताना दिसायची, आणि माझा सूर घसरायचा.

मीच बाबांच्या मागे लागले की दुसरीकडे बघू. बाबा नाखुशीनं तयार झाले. एका रविवारी आम्ही इंग्रजी उपासनेला गेलो. तिथे मला सगळं समजलं, बाबांना निम्मं, आणि आईला फक्त 'जीझस' आणि 'आमेन'. बाहेर पडताना ती म्हणाली, "दोन शबूद तरी गावले." पुढच्या रविवारी एका हॉलमध्ये गेलो. तिथे लाउडस्पीकर लावून सगळे एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत होते, रडत होते, हात वर करत होते. मी आशेनं आईकडे बघितलं, कारण टाळ्या तरी होत्या. आईनं पदर कानावर ओढून घेतला होता. "एवढं वरडायला देव भैरा हाय का?" ती माझ्या कानात म्हणाली. परत येताना टांग्यात बाबांचा संयम संपला.

"हे बास झालं," ते म्हणाले. "आपलं पत्र एका मंडळीत दिलेलं आहे. चर्च म्हणजे काय बाजारातली वांगी आहेत, दाबून बघून घ्यायला?"

"वांगी तरी दाबू देत्यात," आई म्हणाली.

त्यानंतर मी जे केलं ते मला आजही खुपतं, म्हणून सविस्तर लिहिते. पिकाचा सण जवळ आला होता. त्या रविवारी लोक शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात. कुणी कृष्णाकाठची वांगी, कुणी हळदीची पोतडी, कुणी द्राक्षं, कुणी कोंबडी. व्यासपीठाला ऊस बांधतात. मी एस्तेरबाईंना गाठलं आणि म्हटलं, त्या दिवशी आईचं विहिरीचं गाणं घेऊ या, आई म्हणेल आणि क्वायर साथ करेल. त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, पाळकसाहेबांनी मंडळीच्या पंचांना. एका पंचांनी शंका काढली की देव दमला असं कसं म्हणायचं. पाळकसाहेब म्हणाले, शास्त्रात तसंच लिहिलंय, दमून विहिरीवर बसला. परवानगी मिळाली, एका अटीवर: गाणं पायपेटीवर आणि कागदावर लिहिलेलं असावं.

मी लिहिलं. चार संध्याकाळ बसून लिहिलं. आईला गायला लावलं, तिनं दर वेळी वेगळं गायलं. मी म्हणायची, "आई, परवा 'दमला' इतकं लांब नव्हतं." ती म्हणायची, "परवा इतकी दमले न्हवते." मी वैतागून शेवटी स्वतःच ठरवलं: 'दमला'ला चार मात्रा, ना कमी ना जास्त. शब्दही थोडे पुस्तकी केले. चार आवाज बसवले. एस्तेरबाईंनी माझा कागद बघून माझी पाठ थोपटली, आणि पायपेटीवर ते इतकं देखणं वाजलं की मला वाटलं, मी दोन काठांवर पूल बांधला.

आई नवं लुगडं नेसून पुढे उभी राहिली. पायपेटीनं एक ओळ वाजवली. आईनं डोळे मिटले आणि 'दमला' उचलला. क्वायर चौथ्या मात्रेला पुढे गेला. मीही गेले. मला आईचा श्वास ऐकू येत होता, ती अजून त्या शब्दातच होती, आणि आम्ही तीस जणं विहिरीवर जाऊन बसलोही होतो. तिनं डोळे उघडले. आमच्यामागे धावत पुढची ओळ पकडायला गेली, तर आम्ही तिच्याही पुढे. मी तरी थांबायला हवं होतं. माझ्या हातात माझा कागद होता आणि मी त्याच्यावरून नजर काढली नाही. दुसऱ्या ओळीत आई गप्प झाली. आम्ही चारही कडवी पूर्ण केली, अगदी शेवटच्या सुरापर्यंत शुद्ध. आई तशीच, हात पदराखाली घेऊन, आपल्याच गाण्याला उभी राहिली, पाहुणीसारखी. लोक नंतर मला म्हणाले, फार छान बसवलंस.

उपासना झाल्यावर ऊस घेऊन आलेला एक माणूस आईजवळ आला. साखर कारखान्यातला फिटर, दाविदमामा. नंतर आम्ही त्यांना मामाच म्हणायला लागलो. हातावर भाजल्याचे डाग, शर्ट इस्त्रीचा. "वैनी," ते म्हणाले, "मदीच का थांबलासा? आमी तिकडं कारखान्याच्या चाळीत एका खोलीत बसतो. धा-बारा घरं हाईत. पेटी बी न्हाई आन् पाळक बी न्हाई, महिन्यातनं एकदा कुणीतरी येतंय. लय काय न्हाई. पन गानं मदी कुणी तोडत न्हाई."

आई गेली. आधी बुधवारी गेली, मग रविवारी. दुपारी परत आली तेव्हा तिच्या पायांवर धूळ होती आणि ती तव्यासमोर गुणगुणत होती. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, एवढं मला आठवतं.

पण आमच्यात असं गुपचूप चालत नाही. प्रभुभोजनाच्या उपासनेला सलग दोनदा कुणी दिसलं नाही की पंच घरी येतात. दोघे आले, चहा प्यायले, आईची तब्येत विचारली. बाबांनी खाली बघत सांगितलं की बरी आहे. ते गेल्यावर घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण बाबा एकटेच बोलत होते. एक घर, एक पत्र, एक मंडळी. लोक काय म्हणतील? नवरा एका चर्चला आणि बायको कारखान्याच्या चाळीत! महिन्यातून एकदा गुपचूप जा, कोण नको म्हणतं?

"लपून जायाला मी काय चोरी करतीय?" आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू लिवतीस न्हवं चांगलं? मला अर्ज लिवून दे. माझी चिठ्ठी मला येगळी पायजे."

मी बाबांकडे बघितलं. ते पेपराची घडी घालत होते. मी दौत काढली आणि लिहिलं. समास सोडून, सुवाच्य अक्षरात: 'माझे सभासदत्वाचे पत्र मला स्वतंत्र मिळावे, ही विनंती.' आईनं बोट धरून तो अर्ज वाचला आणि खाली नाव काढलं, सगुणा, एवढंच. बाबांचं नाव लावायचं राहिलं की तिनं लावलं नाही, हे मी विचारलं नाही.

चर्चच्या मागच्या खोलीत पाळकसाहेब आणि तीन पंच बसले होते. मी आईबरोबर गेले, बाबा दारात थांबले. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आईला खुर्ची दिली. "सगुणाबाई," ते म्हणाले, "कुटुंबाचं पत्र असं फोडता येत नाही. आणि दिलं तरी लिहू कुणाच्या नावे? पत्र मंडळीकडून मंडळीला जातं. ती मंडळी नाही, ती खोली आहे."

"साताऱ्यात आमचा व्हरांडा हुता," आई म्हणाली.

"तसं नाही. नोंद लागते, पंच लागतात."

"मंग माझं नाव नुसतं काढा."

एक पंच खुर्चीत पुढे सरकले. देव दमतो का म्हणणारेच ते. "बाई, विचार करून बोला. पुस्तकातलं नाव गेलं तर दफनभूमीतला हक्क जातो. उद्या बरंवाईट झालं तर माती कुठं देणार तुम्हाला?"

मला वाटलं आता आई गप्प होईल. चर्चमध्ये ती नेहमी गप्पच व्हायची. तिनं पदर नीट केला.

"मेल्यावर कुठं पुरायचं ते तुमी बगा, साहेब," ती म्हणाली. "जिती हाय तवर कुठं गायचं ते मला बगू द्या."

दारात बाबांच्या चपलेचा आवाज झाला. पाळकसाहेबांनी माझा अर्ज उचलला, अक्षराकडे बराच वेळ बघितलं, आणि त्यावर शेरा मारला: 'विचारार्थ ठेवावे.' दिलं नाही आणि नाकारलंही नाही. माझ्या माहितीप्रमाणे तो अर्ज अजून विचारार्थ आहे. मी आयुष्यात पुष्कळ अर्ज लिहिले, पण त्या दोन शब्दांइतकं चिडवणारं मला दुसरं काही भेटलं नाही. 'नाही' म्हटलं असतं तर आम्ही रडून मोकळे झालो असतो.

त्यानंतर दर रविवारी आम्ही तिघं घरातून बरोबर निघायचो. कोपऱ्यावर आई डावीकडे वळायची आणि आम्ही दोघं सरळ. बाबा मागे वळून बघत नसत. आईही नाही. मी बघायची, आणि मग चालताना माझी पावलं बाबांशी जुळायची नाहीत.

शेवटी एकदा मी सर्दीचं कारण सांगून क्वायर चुकवला आणि तिच्याबरोबर डावीकडे वळले. खोलीत मळीचा गोडूस वास होता. जाजमावर बायका दाटीनं बसल्या होत्या. एका म्हातारीनं माझ्याकडे न बघता सरकून जागा केली आणि जमिनीवर हात आपटला, बस म्हणून. दाविदमामांनी पाठच असलेलं शास्त्र वाचल्यासारखं म्हटलं. कुणाच्या तरी सुनेचं तिसरं मूल गेलं होतं, ते तिनं सांगितलं. सगळे गप्प बसले. आणि आईनं 'दमला' उचलला.

मी वाट बघत होते, ती कधी मान खाली करते त्याची. लहानपणी मला ते बघावंही लागत नसे. आता मी मनात मात्रा मोजत होते, चार, पाच, सहा, आणि मोजता मोजता सगळ्या बायका तिच्यात मिसळून पुढे गेल्या आणि मी मागे राहिले. पुढच्या ओळीला लवकर शिरले, एकटीच. म्हातारीनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि टाळी वाजवायची खूण केली. मग मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. त्याही मला वाटतं, थोड्या आधी पडत होत्या. आईनं डोळे उघडून माझ्याकडे एकदा बघितलं, पण ती माझ्यासाठी थांबली नाही. तिनं थांबू नयेच. मला राग आला, तिचा नाही, एस्तेरबाईंचा नाही, माझ्या त्या सुवाच्य, चार मात्रांच्या डोक्याचा.

परत येताना उसाच्या गाड्या जात होत्या म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो.

"गात न्हवतीस," आई म्हणाली.

"मला येत नाही आता."

"तुला येत न्हाई व्हय? माझ्या मांडीवर शिकलीस तू ते." गाडी गेली, धूळ बसली. "एका दिसात बसतंय का? म्होरल्या आयतवारी ये परत."

पुढच्या रविवारपासून क्वायरच्या नाताळच्या तालमी सुरू होणार होत्या आणि आल्टोत आम्ही तिघीच होतो. त्या रविवारी कोपऱ्यावर आई डावीकडे वळायच्या आधी क्षणभर थांबली. मी म्हटलं, "नाताळ झाला की येते," आणि बाबांबरोबर सरळ गेले.